हरकत न आलेले चौदा

होमिओपॅथीच्या औषधाने खरंच गुण येतो का, असं मला लोक अजून विचारतात. माझे सासरे नोकरी संपल्यावर कितीतरी वर्षं ती औषधं देत होते आणि त्यांची वही मी लिहीत होते, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना माहीत आहे. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. तेवढ्यात बसणारं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते. मी आता पन्नाशीला आले, मामंजींना जाऊन चार वर्षं झाली, आणि वह्या माझ्या कपाटात आहेत.

आमचं घर कर्जतला, भिसेगावात. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, आमचे हे खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामंजी, आम्ही दोघं आणि आमची मुलगी, एवढीच घरात माणसं. सांगते आहे ती हकिगत साधारण अडुसष्ट-एकोणसत्तर सालची. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

मामंजी महसूल खात्यात होते. तलाठी म्हणून लागले आणि खालापूरला सर्कल इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. पाऊस लागला की त्या भागातली निम्मी गावं ओढ्यापलीकडे अडकायची. डॉक्टर तिकडे पोचायचा नाही, पण पंचनाम्याला सर्कलला जावंच लागायचं. गेलं की कुणीतरी तापाने पडलेलं असायचं आणि घरातली माणसं सर्कलच्याच तोंडाकडे बघायची. त्याच दिवसांत एका सहकाऱ्याकडून होमिओपॅथीचं एक जाड पुस्तक त्यांच्या हातात आलं. जमीन महसुलाचा कायदा वाचावा तसं त्यांनी ते वाचलं, समासात खुणा करून, आणि मग मुंबईहून औषधांची लाकडी पेटी मागवली. त्या पेटीत करंगळीएवढ्या काचेच्या बाटल्या होत्या, प्रत्येकीला बूच आणि बुचावर मामंजींच्या अक्षरात नाव: आर्निका, बेलाडोना, नक्स व्होमिका, पल्सेटिला. पावसाळ्यात आमच्याकडच्या ओलीने गोळ्या एकमेकींना चिकटायच्या. बाटलीत तांदळाचे चार दाणे टाकून पाहिले, त्याने काही झालं नाही, तेव्हा पेटी चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची असं मी ठरवलं. ते मात्र चाललं.

दर रविवारी सकाळी आठ ते अकरा ओटीवर औषध मिळायचं. दहिवली, मुद्रे, पळसदरी, कडाव, इकडे चौकपर्यंतची माणसं यायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणत. औषध फुकट होतं. लोक येताना वालाच्या शेंगा आणायचे, काकड्या आणायचे, एकाने एकदा जिवंत कोंबडा आणला होता. तो आमच्या घरात चालत नव्हता म्हणून परत पाठवला, तर त्या माणसाला औषधच नाकारल्यासारखं वाटलं.

डॉक्टर जीभ बघतो, छातीला नळी लावतो आणि चिठ्ठी लिहितो. मामंजी अर्धा अर्धा तास प्रश्न विचारायचे. दुखणं उजवीकडे की डावीकडे, उकाड्याने वाढतं की गारव्याने, राग आला की बोलून दाखवता की गिळता. त्यांच्या शास्त्रात याला फार महत्त्व होतं. कडावची एक बाई गुडघ्यासाठी आली होती, तिला त्यांनी विचारलं, झोपताना उशी उंच लागते की सपाट.

"उशी कुटली, भाऊसायब. हात घ्यायचा डोक्याखाली."

"बरं. स्वप्नं कसली पडतात?"

"सपान पडाया आदी झोप नको का लागाया?"

मामंजींनी मान हलवली आणि मला सांगितलं, "लिही. निद्रानाश."

ती वही मी लिहायला लागले तेव्हा माझ्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती. आधी ते पाठकोऱ्या कागदांवर टिपायचे आणि कागद हरवायचे. मला हरवलेले कागद सहन होत नाहीत. मी शाळेच्या हजेरीसारखी पानं आखली: क्रमांक, नाव, गाव, तक्रार, औषध, परिणाम. मामंजी खूष झाले. सरकारी माणसाला रकाने दिसले की बरं वाटतं.

परिणामाच्या रकान्यात काय लिहायचं, हे मात्र त्यांनी ठरवलं. रोगी तीन आठवड्यांत परत आला तर तो जे सांगेल ते लिहायचं. आला नाही, तर 'बरा' म्हणून खूण करायची.

मी विचारलं होतं, न येणारा बराच झाला कशावरून. त्यांनी मला फेरफाराची पद्धत समजावली. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायची असली की तलाठी नोंद घालतो आणि नोटीस लावतो. ज्याचं काही म्हणणं असेल त्याने पंधरा दिवसांत हरकत घ्यावी. हरकत आली नाही, तर सर्कल ती नोंद मंजूर करतो. "सारी जमाबंदी याच्यावर चालते," ते म्हणाले. "मी तर पंधराऐवजी एकवीस दिवस देतोय." त्यांच्या आवाजात इतका विश्वास होता की मी तसंच करायचं ठरवलं. मी खुणा करत गेले. सात-आठ वर्षं केल्या.

मला स्वतःलाही गुण आला होता, हेही सांगायला हवं. हाताच्या बोटांवर चामखिळी झाल्या होत्या, मामंजींनी थुजा दिलं आणि दोन महिन्यांत त्या गेल्या. माझ्या नावापुढे मी आनंदाने खूण केली. माझ्या बहिणीच्या चामखिळी त्याच वर्षी काहीच न करता गेल्या, पण ती वहीत नव्हती.

आता मुलीचं. तिचा घसा सारखा यायचा. आधी आवाज बसायचा, मग ताप, मग गिळता येत नाही म्हणून रडणं. मामंजी तिला बॅराइटा कार्ब द्यायचे, ताप चार दिवसांनी उतरायचा, आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा. त्या वर्षी गणपती झाले तेव्हा मी तिची शाळेची गैरहजेरी मोजली. सहा वेळा ताप आला होता. अंगावर मांस राहिलं नव्हतं. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी तिच्या तोंडात बॅटरी मारून आम्हा दोघांना दाखवलं, गाठी सुपारीएवढ्या झाल्या होत्या. ते म्हणाले, हे असं चालू ठेवू नका, वरचेवर असा घसा येणाऱ्या मुलांच्या बाबतीत दुखणं सांध्यात उतरतं आणि तिथून हृदयात. पनवेलला एक सर्जन टॉन्सिल काढतात, दिवाळीनंतर तारीख मिळेल, भाऊबीजेपर्यंत कळवा.

घरी येऊन सांगितलं तेव्हा मामंजी भांडले नाहीत. ते कधी भांडायचे नाहीत. त्यांनी सहा महिने मागितले. देवाने दिलेला अवयव कापून टाकायचा आणि मग म्हणायचं आता दुखत नाही, ही कुठली चिकित्सा, असं ते म्हणाले. त्यांच्या वहीत घशाचे कितीतरी रोगी बरे झालेले होते. नातीलाच तेवढा गुण का येणार नाही?

आमचे हे वडिलांपुढे मान वर करून बोलणाऱ्यातले नव्हते. आत स्वयंपाकघरात येऊन त्यांनी मला हळूच सांगितलं, "वही तू लिहितेस. तूच बघून सांग. तू म्हणशील तसं करू."

म्हणजे निर्णय माझ्यावर आला. कापायची भीती मलाही होती. भूल दिलेलं मूल डोळे उघडेपर्यंत आईने बाहेर बसायचं, हे मला मनातसुद्धा आणवत नव्हतं. वही उघडली तेव्हा, खरं सांगते, मामंजीच बरोबर निघावेत असं मला वाटत होतं.

घशाचे रोगी मी वेगळे काढले. मागच्या दोन वर्षांत एकवीस होते. सात जण परत आले होते. त्यांतल्या तिघांनी गुण आहे म्हणून सांगितलं होतं, चौघांचं औषध बदललं होतं. उरलेल्या चौदांपुढे 'बरा' किंवा 'बरी' अशी माझीच खूण होती. आता हे चौदा खरोखर बरे असतील तर सहा महिने थांबायला हरकत नव्हती. ते बरे आहेत की नाहीत हे मात्र मला माहीत नव्हतं. मी त्यांच्यापैकी एकालाही विचारलेलं नव्हतं.

दिवाळीची सुटी लागली. फराळाचं मी आधीच उरकलं होतं. चौदा नावं गावांप्रमाणे लावून मी एका कागदावर उतरवली आणि रोज सकाळी एका बाजूला निघाले. मामंजींना सांगितलं, शाळेत न येणाऱ्या मुलांच्या घरी जायचं आहे. ते खोटं होतं. पण त्यांना सांगून गेले असते तर ते बरोबर आले असते, आणि भाऊसाहेबांच्या तोंडावर कुणीही खरं बोललं नसतं.

पहिली दहिवलीची बाई. तिचा मुलगा अंगणात भावंडाच्या पाठीवर बसून ओरडत होता, घशाला काही झाल्याचं दिसत नव्हतं. मला बरं वाटलं. मी म्हटलं, औषधाचा गुण आला म्हणायचा. ती हसली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, ताप आदल्या दिवशीच उतरला होता. पण भाऊसाहेबांनी इतका वेळ घालवून पुड्या बांधल्या, नको कसं म्हणायचं? पुड्या मुलांनी वाटून खाल्ल्या. गोड असतात ना.

मुद्र्याला एका दुकानदाराच्या बायकोने मला आत नेऊन चहा दिला आणि मग सांगितलं, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडून इंजेक्शन घेतलं. "तुम्ही भाऊसाहेबांना सांगू नका हं. ते वाटेत भेटले की मी अजून त्यांच्याच गोळ्यांचं नाव सांगते."

कडावला भाताची कापणी चालली होती. बांधावर उभं राहून मी एका बाईला हाक मारली. ती विळा हातात घेऊनच आली. घसा अजून येतो म्हणाली. मग परत का आली नाही?

"तुमचं भाऊसायब बोलले, कांदा नाय खायाचा, हिंग नाय, लसून नाय. मंग भाकर कशासंगं खायाची, बाई? आमाला काय सासऱ्याच्या घरी दुधातुपाच्या वाट्या हाईत?"

पलीकडून तिचा नवरा ओरडला, "गोळी नको म्हन, कांदा देयाला सांग." सगळं शेत हसलं, मीही हसले. तिच्या नावापुढे 'बरी' अशी खूण होती.

असे दहा दिवस गेले. एक कुटुंब गाव सोडून गेलं होतं. चार जणांनी डॉक्टर गाठला होता, तिघांचं दुखणं येऊन जाऊन होतंच. पाच जण खरोखर बरे होते, पण त्यांतल्या दोघांचा ताप पुडी सोडायच्या आधीच गेला होता. वाईट असं कुठे काही नव्हतं. भाऊसाहेबांबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं नाही. उलट प्रत्येकाने चौकशी केली, त्यांचे गुडघे कसे आहेत, ते अजून सकाळी फिरतात का. एकीने वालाच्या शेंगा बांधून दिल्या. मला वाटायला लागलं होतं, मामंजींच्या गोळ्यांनी कुणाचं काही बिघडलं तर नाही.

चौदावी मुलगी चौकजवळच्या एका गावात होती. ते गाव लांब म्हणून मी शेवटी ठेवलं होतं. वहीत तिचं वय अकरा, तक्रार घसा व ताप, औषध बेलाडोना, खूण 'बरी'. पनवेलची एसटी चौकला सोडून मी शेतातून चालत गेले. मुलगी दारातच बसली होती, पाय लांब करून, मांडीवर सुपात वाल सोलत. मला बघून उठायला गेली आणि पुन्हा बसली. एवढ्यानेच तिला धाप लागली.

तिची आई भात झोडून नुकतीच आली होती. तिने सगळं सरळ सांगितलं. "तुमच्या गोळ्यांनी ताप उतरला हो. मंग परत कशापायी येऊ? लावनी चालली होती, मानसं मिळना." त्यानंतर एकदा घसा आला, तो अंगावर काढला. मग गुडघे सुजले, मग घोटे. पनवेलला नेलं तेव्हा डॉक्टरने सांगितलं, घशाचं दुखणं काळजात गेलंय. आता दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. त्यातली दोन चुकली होती, कारण कापणी.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाऊसाहेबांना नमस्कार सांगायला ती विसरली नाही. मुलगी इतका वेळ वाल सोलत होती. मी निघाले तेव्हा तिने विचारलं, "बाई, साळंत माजं नाव काडलं आसंल का वो?"

मी म्हटलं, मी चौकशी करते. परत येताना एसटीत मी कागद काढला आणि तिच्यापुढे काय लिहायचं ते मला सुचेना. तिला गोळ्यांनी आजारी पाडलं नव्हतं. गोळ्यांनी काहीच केलं नव्हतं बहुधा. ताप उतरायचा होता तो उतरला. पण त्या ओळीपुढे 'बरी' असं माझ्या हाताने लिहून आम्ही सर्वांनी तिच्याकडे पाहणं थांबवलं होतं. आणि माझ्या घरात तशाच घशाची एक मुलगी होती. मी शोधत होते ते उत्तर मिळालं होतं. ते मामंजींना सांगायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा घेऊन ओटीवर बसले तेव्हा मी कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि कुठे कुठे गेले होते ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. वरून परत आलेली फाइल वाचावी तसा त्यांनी तो कागद वाचला, एकेका नावावर बोट ठेवून.

"सगळ्यांना स्वतः भेटलीस?"

"एक घर बंद होतं. बाकी स्वतः."

"इंजेक्शन घेतलं असं ती म्हणाली, की तू तसा अर्थ काढलास?"

"तीच म्हणाली. तुम्हाला सांगू नका, असंही म्हणाली."

त्यावर ते किंचित हसले. मग बोट शेवटच्या नावावर आलं आणि तिथेच थांबलं. चहा निवला. त्यांनी विचारलं, "हिच्यापुढे खूण कुणी केली?"

"मी. तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

"हो. मी सांगितलं होतं." त्यांनी कागदाची घडी घातली, पण परत दिली नाही, सदऱ्याच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते चौकला गेले. एकटेच गेले, सोबत कुणाला येऊ दिलं नाही. संध्याकाळी आले तेव्हा धोतराला चिखल होता. हातपाय धुऊन ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. एरवी ते तिथे येत नसत.

"पनवेलला कळवून टाक," ते म्हणाले. मग म्हणाले, "जमिनीच्या बाबतीत जो येत नाही त्याचं स्वतःचं नुकसान होतं, म्हणून तो धडपडत येतो. आजारी माणसाचं तसं नाही. तो दमलेला असतो, म्हणूनच येत नाही. हे मला इतकी वर्षं सुचलं नाही."

मी चुलीकडे वळले. पोळ्या करत राहिले, कारण माझे डोळे भरले होते आणि ते त्यांना दिसू नये असं मला वाटत होतं.

पुढे काय काय बदललं ते थोडक्यात सांगते. रविवार बंद झाला नाही. पण तीन दिवसांच्या वरचा ताप, घशाचा ताप आणि लहान मुलाचा कुठलाही ताप आला की मामंजी पेटी उघडायचे नाहीत. डॉक्टरकडे पाठवायचे, आणि दमलेला दिसला तर स्वतः घेऊन जायचे. चौकच्या त्या मुलीचं इंजेक्शन पुढची पाच वर्षं त्यांनी चुकू दिलं नाही. दर तीन आठवड्यांनी ते सकाळच्या एसटीने जायचे, कापणी असो की लावणी असो, आणि तिला पनवेलला नेऊन आणायचे. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखांना लाल गोल असायचा. शाळेत तिचं नाव कमी केलेलं नव्हतं. एक वर्ष वाया गेलं, पण ती सातवी झाली. तिला धाप अजून लागते, पण आता तिचा संसार आहे.

आणि वही. 'बरा' ही खूण मी कायमची बंद केली. तीन आठवड्यांनी प्रत्येकाला विचारायचं. मी शाळेतल्या मुलांकडून निरोप पाठवायचे, नाहीतर मामंजी फिरायला त्याच बाजूला जायचे. उत्तरासाठी मी दोन रकाने केले, 'बरा झाला' आणि 'बरं वाटतं'. पुढच्या दहा वर्षांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. सर्दी, पडसं, पोटाचा गुबारा, चामखिळी, परीक्षेच्या आधीची मुलांची पोटदुखी हे पहिल्या रकान्यात भरपूर आहे. ते एरवीही जातंच. दमा, संधिवात, गजकर्ण पहिल्या रकान्यात जवळजवळ नाही. दुसऱ्या रकान्यात मात्र ते खूप आहे. घरात ज्यांना कुणी बोलू देत नाही अशा बायकांना अर्धा तास कुणी विचारलं, राग आला की गिळता का, तर त्यांना बरं वाटणारच. गोळीत काही होतं असं मला माझ्या वहीवरून दाखवता येणार नाही. मामंजींच्या त्या अर्ध्या तासात होतं. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं होतं. ते म्हणाले, तुझी वही लहान आहे. शेवटपर्यंत त्यांचा गोळ्यांवर विश्वास होता, आणि आमचं त्यावरून कधी बिनसलं नाही.

तर पनवेलचं. जायच्या आदल्या दिवशी मुलगी आजोबांच्या मांडीवर चढून बसली. ती खरं तर तेव्हा मांडीवर बसायच्या वयाची नव्हती. तिला काळजी होती ती कापण्याची नव्हती, वेगळीच होती. "आजोबा, ऑपरेशन झालं की तुमच्या गोळ्या बंद?"

"बंद कशाला गं? घशासाठी नाही देणार. पण पडलीस, खरचटलं, तर आर्निका आहेच की."

तिला ते पटलं. सर्जनलाही मामंजींनी हात जोडून विचारलं, शुद्धीवर आल्यावर आर्निकाच्या दोन गोळ्या जिभेवर ठेवल्या तर चालेल का. सर्जन तरुण होते. त्यांनी मामंजींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या ठेवा, आजोबा. आज ती काही गिळणार नाही." हे मला अजून आवडतं. साखर आहे, द्या खुशाल, असं ते म्हणू शकले असते.

आम्ही तिघं बाकावर बसलो. मामंजी मधे. अर्धा तास लागेल असं सांगितलं होतं. पाऊण तास झाला. ह्यांनी चार वेळा उठून खिडकीतून बाहेर पाहिलं. मामंजी हलले नाहीत. त्यांनी माझा हात धरला होता, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, आणि दार उघडून परिचारिका बाहेर आली तेव्हाच सोडला.

चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. तोवर नुसतं दूध, तेही थंड करून. त्या दुपारी मी मऊ भात शिजवला, वर पातळ वरण आणि तूप. मुलीला भरवायला मी बसणार, तर मामंजींनी ताटली माझ्या हातातून घेतली. त्यांनी भात बोटांनी इतका कुस्करला की शितं दिसेनात, मग एक लहान घास तिच्या तोंडात घातला. तिने डोळे मिटले. दुखेल म्हणून आधीच तिने मान आखडून घेतली होती. घास खाली गेला. तिने डोळे उघडले, आमच्या तिघांकडे पाहिलं, आणि पुन्हा तोंड उघडलं.

ताटली संपली तेव्हा तिचा आवाज अजून खरखरीत होता. "आणखी," ती म्हणाली. मामंजींनी ताटली माझ्यापुढे धरली आणि ते म्हणाले, या वेळी वरण जरा जास्त घाल, पहिला घास कोरडा होता.